मालकाचा रकाना

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर रोलंड वॉर्ड नावाच्या माणसाचं दुकान होतं. मारलेल्या जनावरांत पेंढा भरून देणं हा त्याचा धंदा. लोक त्या दुकानाला ‘द जंगल’ म्हणत. १८९२मध्ये वॉर्डने जगभरच्या शिंगांच्या मोजमापांचं एक पुस्तक काढलं. ते एवढं चाललं की पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. पुस्तक म्हणजे मुख्यतः तक्ते. शिंगाची बाहेरच्या वळणावरून लांबी, बुंध्याचा घेर, टोकांमधलं अंतर, जनावर कुठलं, आणि शेवटचा रकाना: मालक.

मालक म्हणजे जंगलाचा नव्हे, शिंगांचा. कुणी मेजर, कुणी कमिशनर, कुणी महाराजा. सांबराच्या तक्त्यात मध्य हिंदुस्थानातल्या शिंगांना मान होता, कारण सातपुडा आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांतलं सांबर शिंगांनी भारी असा लौकिक होता. ज्या माणसाने साहेबाला त्या सांबरापर्यंत नेलं त्याच्यासाठी रकाना नव्हता. असावा असं कुणाला वाटलंही नाही.

आता सांबराच्या नावाचीच एक गंमत. युरोपात ‘एल्क’ म्हणजे एक जनावर, अमेरिकेत त्याच नावाचं दुसरंच, वापिटी. आणि सिलोनमधल्या इंग्रजांनी तर सांबरालाच एल्क म्हणायला सुरुवात केली. सॅम्युअल बेकरचं सिलोनमधल्या शिकारीवरचं पुस्तक १८५४मध्ये आलं. त्यात नुवारा एलियाच्या थंड डोंगरांत तो कुत्र्यांचा ताफा सोडून ज्या ‘एल्क’चा पाठलाग करतो ते आपलं सांबर. आजही अमेरिकेत लोक बायकामुलांना, मित्रांना घेऊन पैसे भरून वाटाड्यासोबत एल्कच्या शिकारीला जातात. वायोमिंगमध्ये तर बाहेरच्या राज्यातल्या माणसाला राखीव रानात मोठी शिकार करायची तर वाटाड्या नेणं कायद्यानेच सक्तीचं आहे. तिकडचं हे वाचताना मला आमचा भंडारा जिल्हा आठवतो. हिवाळ्यातली सहकुटुंब शिकार इथेही होती. फक्त ती कुणाची करमणूक होती आणि कुणाची बेगार, हे ज्याने त्याने आपल्या आजोबांना विचारावं.

जुना भंडारा म्हणजे १९९९मध्ये गोंदिया वेगळा होण्याआधीचा. नागझिरा, नवेगावबांध, चिचगडकडचं रान हे सगळं त्यात. मधेमधे कोहळ्यांनी बांधलेले तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, बांध्या संपल्या की लगेच झाडी. सांबर दिवसा डोंगरउतारावर सावलीत पडून राहतं, रात्री खाली उतरून चरतं, उजाडायच्या आत पुन्हा वर जातं. म्हणजे धान पेरणारा शेतकरी आणि सांबर यांची ओळख शिकारीमुळे झालेली नाही. ती पिकाच्या नासाडीतून झालेली आहे, आणि साहेब येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

साहेब येत थंडीत. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत अधिकाऱ्यांचा दौरा चाले. तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम, दुसरा रात्रीच पुढच्या गावी रवाना. मडमा आणि मुलं सोबत. नाताळच्या सुट्टीत तर मोठी छावणी पडे. दुसऱ्या जिल्ह्यातले अधिकारी, रेल्वेतले, पलटणीतले, विलायतेहून नुकते आलेले कुणी पाहुणे. मुंबई-कलकत्त्याकडून येणाऱ्याला गोंदियापर्यंत आगगाडी होती. नागपूर-रायपूर रस्ता भंडारा, साकोलीवरून जात होता. शिकारीच्या इंग्रजी आठवणींत या छावण्यांची वर्णनं पुष्कळ आहेत आणि ती वाचायला सुखाची आहेत. शेकोटी, पुडिंग, पहाटेचं धुकं. दूध, कोंबड्या, अंडी, जळण, घोड्यांचा चारा कुठून येई याची वाक्यं तुलनेने तुरळक. ते गावातून येई. त्याला रसद म्हणत. पैसे कधी मिळत, कधी मधल्या चपराशापर्यंतच पोचत. तंबू वाहणारे बैल आणि माणसंही गावातूनच.

या सगळ्यात एका माणसाला मात्र बोलावून घ्यावं लागे. तो बहुधा गोंड असे, कधी गोवारी, कधी ढिवर. इंग्रजांच्या लिखाणात तो ‘गावचा शिकारी’ एवढ्याच नावाने येतो.

त्याला काय येत होतं ते नीट सांगायला हवं, कारण ‘जंगलाची उपजत जाण’ वगैरे म्हणून आपण ते फार स्वस्तात मोडीत काढतो. खुराचा ठसा पाहून जनावर नर की मादी, चालत गेलं की पळत, दव पडण्याआधी गेलं की नंतर. कुठल्या झाडाची साल शिंगांनी घासली आहे आणि ती ओल अजून ताजी आहे का. चिखलात लोळण घेतली असेल तर नर माजावर आहे. मध्य भारतात हा काळ साधारण नोव्हेंबर-डिसेंबरचा, म्हणजे नेमका साहेबाच्या सुट्टीचा. वारा कुठून आहे आणि डोंगराच्या घडीत शिरल्यावर तो कुठे वळेल. सांबराची नजर थांबलेल्या माणसाला सहज ओळखत नाही, पण नाक आणि कान दगा देत नाहीत, म्हणून कुठल्या पानगळीवरून चालायचं आणि कुठल्यावरून नाही. सांबर दरवर्षी शिंगं गाळतं की नाही यावर इंग्रज शिकाऱ्यांत बराच काळ वाद चालला होता. उन्हाळ्याच्या तोंडाला मोह वेचायला रानात जाणाऱ्या बायकांना गळलेली शिंगं पायाखाली सापडत. त्यांना कुणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे. मध्य प्रांतात वनखात्यात काढलेल्या वर्षांच्या जोरावर डनबार ब्रँडरने १९२३मध्ये इथल्या वन्यप्राण्यांवर पुस्तक लिहिलं. अतिशय बारकाईचं, अजूनही वाचावं असं पुस्तक आहे. पण असं प्रत्येक पुस्तक अनेकांच्या माहितीवर उभं असतं आणि मुखपृष्ठावर एकाचं नाव असतं.

पायी माग काढायची साहेबाची तयारी नसली तर हाका. पन्नास, शंभर माणसं अर्धवर्तुळात रानात शिरायची. डबे, ढोल, आरोळ्या. दोन्ही बाजूंना झाडांवर माणसं बसवलेली. जनावर फाटा फोडू लागलं की त्यांनी फांदीवर नुसतं टक्‌टक्‌ करायचं म्हणजे ते परत मधे वळतं. पुढे मचाणावर बंदूक. सांबराच्या हाक्यात वाघ उठला तर? उठे कधीकधी. मचाण जमिनीपासून उंच असे. हाकेवाला जमिनीवर, हातात काठी. शिकारीच्या आठवणींत जखमी वाघाने धरलेल्या हाकेवाल्याचा प्रसंग येतो तो बहुतेक वेळा साहेबाच्या धैर्याच्या प्रकरणात.

संध्याकाळी मांस वाटलं जाई हेही खरं, आणि त्या ओढीने लोक आनंदाने जात हेही खरं. सगळंच बेगार होतं असं म्हणणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. शिकार लोकांना आवडायची. अडचण तिथेच होती. १८७८च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलात शिकारीला नियम लागले, त्याच साली हत्यारांचाही कायदा आला. शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक पडले, परवाने आले, किती नर मारायचे ते ठरलं. नियम काही वाईट नव्हते. जनावर वाचलं असेल तर थोडंफार त्यांच्यामुळेच. पण परवाना कागदावर मिळतो आणि कागद कचेरीत. त्यामुळे डिसेंबरात साहेबापुढे चालणारा जो शिकारी, तोच जानेवारीत एकटा त्याच नाल्यात गेला तर चोर. तीच वाट आणि तोच माणूस. पीक राखायला म्हणून काही घरांत परवान्याच्या भरमार बंदुका होत्या, त्यांच्यावरही शिकारी इंग्रजांचा राग. जनावरं कमी झाली ती यांच्यामुळे, असं ते हिरिरीने लिहीत.

मालगुजारांची आणि जमीनदारांची गोष्ट वेगळी. त्यांचं जंगल त्यांचंच होतं. कामठा, आमगावसारख्या जमीनदाऱ्या मोठ्या, पण लहान मालगुजारही साहेबाला शिकारीला बोलावी, कारण शिकारीतली ओळख पुढे कचेरीत कामाला येई. मचाणावर पाहुणा आणि खाली यजमान, अशा त्या मैत्र्या. १९५१मध्ये मालगुजारी गेली आणि ही रानं सरकारजमा झाली.

साहेब गेले तरी शिकार गेली नाही. ती आता तिकीट काढून मिळू लागली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांचे चिरंजीव विद्याचरण १९५१मध्ये मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि त्यांनी ‘ऑल्विन कूपर’ नावाची कंपनी उभी केली. काम: मोठ्या शिकारीच्या मोहिमा आणि जंगलात छायाचित्रणाच्या सहली. अशा कंपन्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी, त्यात अमेरिकन पुष्कळ. ठरावीक दिवसांची मोहीम, जीप, आचारी, तंबू, कातडी कमावून घरपोच. १९५७मध्ये शुक्ल लोकसभेत गेले आणि पुढे आणीबाणीत माहिती व प्रसारण मंत्री म्हणून देशाला ठाऊक झाले. मे २०१३मध्ये बस्तरच्या झीरम घाटीत नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ते जखमी झाले आणि जूनमध्ये वारले. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत शिकारकंपनीला एखादी ओळ मिळाली असेल तर नशीब. मला मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या नागपूरची ती फार बोलकी खूण वाटते. साहेबाची खुर्ची रिकामी झाल्याबरोबर तिच्या भाड्याचा धंदा निघाला, आणि हाकेवाला जिथे होता तिथेच राहिला, फक्त आता रोजावर.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९६९मध्ये दिल्लीत जागतिक निसर्गसंरक्षण संघटनेची सभा भरली, १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, त्याच वर्षी नागझिरा अभयारण्य झालं. १९७२चा वन्यजीव कायदा. या कायद्याबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: त्याने शिकार एकदम बंद केली नव्हती. मूळ कायद्यात परवाना घेऊन करायच्या मोठ्या शिकारीची तरतूद होती आणि सांबर त्या यादीत होतं. परवान्याची ही पद्धत १९९१च्या दुरुस्तीने गेली.

आणि वाटाड्याचं नाव लिहिलं जाण्याची वेळ आली ती बंदूक खाली ठेवल्यावर. वनखात्यातले मारुती चितमपल्ली बदली होऊन नवेगावबांधला आले. तिथे त्यांना माधवराव पाटील भेटले. गावचे पाटील, रानात आयुष्य घालवलेले. पाखरं, झाडं, तलावातलं पाणी कधी कुठे चढतं हे सगळं या माणसाकडून वनाधिकारी शिकत गेला, आणि त्याने ते लपवलं नाही. ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला माधवराव नावानिशी ठाऊक आहेत. अर्थात ते पाटील होते. त्यांच्या पुढे माग काढत चालणाऱ्यांची नावं एवढ्या सहज सापडत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे चौघे आणि पुण्याहून आलेले दोन नवे स्नेही पिटेझरी गेटवरून नागझिऱ्यात गेलो. गाइड जवळच्याच गावचा, पंचविशीतला. पुण्याच्या पाहुण्यांना वाघ हवा होता. सूर्य कलताना डावीकडच्या उतारावरून सांबराचा एकच आवाज आला, रिकाम्या पिंपावर काठी मारावी तसा. त्याने जिप्सी थांबवली. पाहुण्यांनी विचारलं, कशावरून वाघच?

“चितळ भिऊनही ओरडते. सांबर खोटं नाही बोलत जी.”

पंधरा-वीस मिनिटं बसलो. वाघ आला नाही. परतताना मी त्याला विचारलं, हे कुणाकडून शिकलास? म्हणाला, बापाकडून, आणि बापाचा बाप हाक्याला जायचा. एकदा मोठ्या शिंगाचं सांबर त्यानेच उठवून दिलं होतं, त्याचा किस्सा घरात अजून सांगतात. कुठल्या नाल्यात, किती माणसं होती, बैल कुणाचे होते, मांसाचा कुठला वाटा मिळाला, सगळं त्याला पाठ होतं.

“आणि साहेब कोण होता?”

“ते नाही माहीत जी,” तो म्हणाला. “होता कोणीतरी साहेब.”