ईटीसी : वगैरेंचे बिऱ्हाड

युनिक्स सर्व्हरवर सेटिंगच्या फायली ज्या ‘ईटीसी’ फोल्डरात राहतात, त्याचे ‘एडिटेबल टेक्स्ट कॉन्फिगरेशन’ असे भारदस्त पूर्णरूप सांगितले जाते. ते मागाहून बेतलेले दिसते. १९७१च्या पहिल्या मॅन्युअलनुसार तिथे पासवर्डच्या फायलीशेजारी ‘इनिट’, ‘गेटी’ असे प्रोग्रामही नांदत होते. त्यांना ‘टेक्स्ट’ कोण म्हणेल? तेव्हा हे साधे लॅटिन ‘एट सेटेरा’, आपले ‘वगैरे’ (तेही मूळचे अरबीच). आज तिथे सेटिंगच असते, मग पूर्णरूप चुकले कुठे, असे कोणी विचारेल. पण ती शिस्त नंतरची. प्रोग्राम इथे नकोत हा दंडक पुढच्या प्रमाणकांनी घातला. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीत तर वरून बसवलेल्या सॉफ्टवेअरसाठी ‘यूएसआर/लोकल/ईटीसी’ असे वगैरेंचे दुसरे बिऱ्हाडच थाटले आहे.