परळच्या पिंजऱ्यांतले उंदीर

मुंबईचे उंदीर प्लेगला दाद देईनासे झाले आणि परळच्या प्लेग प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांची पंचाईत झाली. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. त्यानंतर वर्षानुवर्षे या शहरात उंदीर पडत राहिले. कच्चे होते ते मरून गेले, चिवट होते ते उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. शहराच्या दृष्टीने हे बरेच झाले. औषध तपासणाऱ्याला मात्र असा उंदीर कुचकामाचा. त्याला प्लेगचे जंतू टोचले, वर औषध दिले आणि तो जगला, तर श्रेय औषधाला द्यायचे की उंदराला?

मद्रासला प्लेगने फारसे शिवले नव्हते. तिथले उंदीर आणून टोचले की पटापट मरत. एकच जात, एकच जंतू, आणि निकाल गावागणिक वेगळा! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्लेग संशोधन आयोगाने ही तफावत नोंदवली. पुढे १९३७ मध्ये साहिब सिंग सोखी आणि चित्रे या परळच्याच संशोधकांनी भारतातल्या रानटी उंदरांच्या प्रतिकारशक्तीवर स्वतंत्र लेख लिहिला. नव्या औषधाची परीक्षा घ्यायची तर आधी परीक्षेला बसवायचा प्राणी पारखून घ्यावा लागतो, हे परळला असे अनुभवातून कळले.

ही प्रयोगशाळा ज्या वाड्यात थाटली, तो एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचा. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच पटकीने वारल्या आणि लाटसाहेबांचा मुक्काम मलबार हिलकडे हलला. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली ती मात्र ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत. लस आधी सशांना टोचली, मग १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला. १८९९ मध्ये त्यांचे बिऱ्हाड परळच्या वाड्यात आले. १९२५ पासून ही संस्था हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते.

वाड्याच्या आवारातले सर्वांत नामी प्रयोग औषधाचे नव्हतेच. रोग पसरतो कसा, हे पाहण्यासाठी ते केले होते. परळचे संशोधक ग्लेन लिस्टन यांचा संशय पिसवांवर होता. भायखळ्याच्या राणीच्या बागेत गिनीपिग मेले तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या आणि संशय बळावला. मग आयोगाने परळला मुद्दाम खोल्या बांधल्या. एक पिंजरा जमिनीपासून जेमतेम दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. पिसवेची उडी चारेक इंचांची. खालचा गिनीपिग प्लेगने गेला, वरचा वाचला. रोग हवेतून किंवा जमिनीच्या वाफेतून येतो, असे मानणाऱ्यांना यावर उत्तर सुचणे कठीण होते. मराठवाड्यात काय किंवा देशावर काय, उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. त्यामागचे शास्त्र त्यांना कोणी सांगितले नव्हते, पण उपाय अचूक होता.

औषधाचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. लस रोग टाळायला. झालेल्या रोगावर रक्तद्रव वगळता हाती फारसे काही नव्हते.

१९३२ च्या डिसेंबरात जर्मनीत गेर्हार्ट डोमाक यांनी स्ट्रेप्टोकॉकसने बाधित उंदरांना प्राँटोसिल हा लाल रंग दिला. रंग मिळालेले उंदीर जगले, बाकीचे मेले. गंमत अशी की काचेच्या नळीत हाच रंग जंतूंना हातही लावीत नव्हता. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेने उलगडा केला: शरीरात गेल्यावर रंगाचे तुकडे होतात आणि त्यांतला सल्फानिलामाइड हा तुकडा काम करतो. केवळ नळीवर भिस्त ठेवली असती तर सल्फा औषधांचे अख्खे घराणे कचऱ्यात गेले असते. उलट बाजूने पेनिसिलिन पाहा. फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये त्यावर लेख लिहिला, पण आजारी उंदीर औषधाने वाचतो का, ही साधी चाचणी केलीच नाही. ती ऑक्सफर्डला २५ मे १९४० रोजी झाली. आठ उंदरांना घातक जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिले. पहाट होईपर्यंत औषधाविना राहिलेले चारही मेले होते. मधली अकरा वर्षे वाया गेली, असे म्हणणे कठोर वाटेल. पण खोटे नाही.

त्याच १९४० साली ‘लॅन्सेट’मध्ये परळचाही लेख आला: गाठीच्या प्लेगवर सल्फाथायाझोल. लेखक सोखी आणि भालचंद्र बाबाजी दीक्षित. सोखी १९३२ पासून संस्थेचे संचालक होते, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. पुढच्या वर्षी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये वागळे, सोखी, दीक्षित आणि गणपती या चौघांच्या नावाने प्लेगवरच्या रासायनिक औषधोपचारांचा लेख निघाला.

सोखींनी रानटी उंदरांचा नाद सोडून प्रयोगशाळेत वाढवलेले पिटुकले पांढरे उंदीर निवडले होते. एका वंशाचे, एका खाद्यावर पोसलेले, वजनाने सारखे. असल्या चाचणीची रीत ऐकायला सोपी आहे. आधी जंतूंची मात्रा ठरवायची. किती जंतूंनी निम्मे उंदीर मरतात, ते काढून त्याच्या कैक पट टोचायचे. मग उंदरांच्या तुकड्या पाडायच्या: एकीला औषधाची थोडी मात्रा, दुसरीला जास्त, एकीला काहीच नाही. औषध लगेच द्यायचे की रोग अंगात भिनल्यावर, यावर निकाल पालटतो. माणूस दवाखान्यात येतो तो ताप चढल्यावर, म्हणून उशिरा दिलेल्या औषधाचा निकाल मोलाचा. मेलेल्या प्रत्येक उंदराची प्लीहा काढून काचपट्टीवर लेप घ्यायचा. रंगवल्यावर प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिका दिसतो, मिटलेल्या सेफ्टीपिनसारखा. तो दिसला नाही तर उंदीर दुसऱ्याच कशाने मेला, त्याला हिशेबात धरायचे नाही. आणि औषध न दिलेली तुकडी जगली, तर सगळा प्रयोगच बाद. मुंबईच्या चिवट उंदरांनी हीच अडचण करून ठेवली होती.

स्वातंत्र्यानंतर नव्या औषधांच्या कामाचा दुसरा अड्डा पिंपरीला झाला. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढले. सूक्ष्मजीवाचे नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. साल १९६१.

प्लेग मात्र इतिहासजमा झाला, असे वाटत असतानाच मराठवाड्यात उगवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरकडची गावे, तशीच आजच्या लोहारा तालुक्यातला सास्तूर-माकणीचा पट्टा हादरला. लोक पत्र्याच्या शेडमध्ये आले. वर्षभरात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठी आलेले रोगी आढळले. धक्क्यांच्या भीतीने घरे ओस पडली, साठवलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल बघता बघता संपल्या. या वेळी गाव सोडून शेतात जाण्याखेरीज दुसरा उपाय हाताशी होता. पण रिकाम्या दुकानापुढे उभ्या राहिलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की अशी औषधे आधी उंदरांवर पारखून घेतलेली असतात?

आजची चाचणी जास्त काटेकोर आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या विल्यम क्रेग यांनी रूढ केलेल्या पद्धतीत उंदराच्या पांढऱ्या पेशी औषधाने आधीच घटवतात, मग मांडीत किंवा फुप्फुसात जंतू सोडतात. शरीराची मदत नसताना औषध एकट्याने काय करते, ते त्यातून कळते. म्हणजे चिवट उंदराचा पेच मुळातूनच सोडवला. किती उंदीर मेले एवढेच न मोजता ऊतीत किती जंतू उरले, हेही मोजतात. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीचे नियम आता असल्या प्रयोगांना लागू आहेत. काही ठिकाणी पहिली चाळणी मेणकिड्याच्या अळ्यांवर लावतात.

मराठवाडाही या कामात आहे. छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोखार्टचे नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झाले. न्यूमोनियावर दिवसातून एकदा ८०० मिलिग्रॅम, फक्त तीन दिवस. रक्तात त्याची किती मात्रा पुरेल, याचा अंदाज विस्कॉन्सिनमध्ये फुप्फुसबाधित उंदरांवर काढला होता.

नव्या औषधाची बातमी झाली, हे योग्यच. पण परळच्या कामावर, सोखी, चित्रे, दीक्षित आणि वागळे यांच्यावर, वार्षिक अहवाल चाळून मराठीत एक नीट पुस्तक कोणीतरी लिहायला हवे. हाफकिनच्या आवारात जाऊन बसण्याची चिकाटी असलेल्या संशोधक विद्यार्थ्यांनी हे मनावर घ्यावे.