दम धरणे आणि दम खाणे

कामगारांच्या घामाचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे; दमाचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडला. तो आज आम्ही मांडणार आहोत. अंगावर नळी नाही, यंत्र नाही. छातीत कोंडलेल्या श्वासाच्या बळावर समुद्राच्या तळाशी जाऊन पोट भरणाऱ्या माणसांची ही हकीकत आहे.

प्रशांत महासागरात फ्रेंच अमलाखालील तुआमोटू बेटे आहेत. प्रवाळांनी वेढलेल्या तेथील शांत पाण्यात मोत्यांचे शिंपले असत. मोती एखाद्यालाच लाभे. खरा धंदा शिंपल्यांचा. त्यांची सदऱ्याची बटणे होत. जितके शिंपले वर येतील तितकी मिळकत, म्हणजे आपल्याकडील नगावरच्या मजुरीसारखाच हा प्रकार. पाणबुडे शंभर फुटांहून खोल जात, तासाला ६ ते १४ बुड्या मारीत, आणि हे सहा सहा तास चाले.

त्यांना एक आजार जडे. त्याचे नाव तारावाना, म्हणजे वेड्यासारखे कोसळणे. ई. आर. क्रॉस या अभ्यासकाचा त्यावरील लेख १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका दिवसाची नोंद अशी : पाण्यात उतरलेले २३५, पैकी ४७ जणांना बाधा. बहुतेकांना घेरी व मळमळ, ६ जणांचे अंग लुळे, आणि २ मृत्यू.

याला समुद्राचा कोप म्हणावे काय? याच भागातील मांगारेवा बेटावरचे पाणबुडेही शिंपलेच काढीत. परंतु दोन बुड्यांमध्ये ते १२ ते १५ मिनिटे थांबत, आणि त्यांच्यात तारावाना आढळत नसे. धंदा तोच, फरक होता तो विसाव्याचा!

कारण असे की, खोल पाण्याच्या दाबाने फुप्फुसातील नत्रवायू रक्तात व शरीरात शिरतो. वर येऊन पुरते थांबले नाही तर प्रत्येक बुडीगणिक तो साचत जातो आणि शेवटी त्याचे बुडबुडे बनतात. पाउलेव्ह या डॅनिश वैद्याने २० मीटर खोल टाकीत पाच तासांत सुमारे ६० बुड्या मारल्या आणि हाच त्रास स्वतः भोगला. त्याचा वृत्तांतही १९६५ सालीच प्रसिद्ध झाला.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. श्वास घ्यावा ही तळमळ मुख्यतः प्राणवायू घटल्याने होत नाही, तर कार्बन डायॉक्साइड वायू साठल्याने होते. श्वसनाची सूत्रे या वायूच्या हाती असतात, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले म्हणजे हा वायू छातीतून निघून जातो. प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. घरात चोर शिरावा आणि राखणदार आपणच हाकलून दिलेला असावा, तशी गत होते. पोहणाऱ्याला बरे वाटत असतानाच शुद्ध हरपते. वर येताना तर पाण्याचा दाब कमी होतो, तसा उरलासुरला प्राणवायूही अपुरा पडतो. अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली अशा पोहणाऱ्यांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. त्यांत चांगले पोहणारेच होते. जो कच्चा तो आधीच वर येतो. जो ईर्ष्येला पेटला तो तळाशी राहतो.

म्हणून विहिरीवर, नदीवर वा तलावावर पैजा लावणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे : बुडीपूर्वी भराभर श्वास घेऊ नका. एकट्याने बुडी मारू नका; काठावरच्या सोबत्याची नजर तुमच्यावर असू द्या, आणि त्यालाही पोहता येत असू द्या. बुडीनंतर, पाण्यात होता त्याच्या दुपटीहून अधिक वेळ तरी थांबा. खोल बुड्यांना त्याहून पुष्कळ अधिक.

आपल्या भाषेत दम धरणे आहे, तसेच दम खाणेही आहे. पहिल्याला टाळ्या पडतात. दुसऱ्याने माणसे घरी परततात. मांगारेवाच्या पाणबुड्यांपाशी कोणतेही शास्त्र नव्हते. पण ती पंधरा मिनिटे त्यांनी कोणाला विकली नाहीत.