न मागितलेलं गाणं

‘हे गाणं तुला कुठे सापडलं रे?’ असं ऑफिसमध्ये कुणाला विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. ‘अ‍ॅपवर आलं आपोआप.’

या ‘आपोआप’ शब्दाची मला गंमत वाटते. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला तरी माहीत असतं की आपोआप काहीच होत नाही. कुणीतरी कुठेतरी बसून नियम लिहिलेला असतो. नवीन गाणी लोकांपर्यंत कशी पोचतात याचेही असे नियम पूर्वीपासून आहेत. आपल्या देशात १९५० च्या दशकात या नियमांवरून चक्क एका मंत्र्याचं आणि श्रोत्यांचं भांडण झालं होतं. आज त्याबद्दल.

सुरुवात १९४९ पासून करू. ‘महल’ प्रदर्शित झाला आणि त्यातलं एक गाणं रेडिओवर तुफान गाजलं. पण गायलंय कोणी? रेकॉर्डवर नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. त्या काळी अशीच पद्धत होती. लोकांनी रेडिओकडे इतकी विचारणा केली की शेवटी रेकॉर्ड कंपनीकडून नाव काढून घेऊन ते जाहीर करावं लागलं: लता मंगेशकर. आपल्या भाषेत सांगायचं तर गाणं होतं, पण मेटाडेटा गायब होता. आणि मेटाडेटा नसेल तर एक गाणं आवडूनही त्याच गळ्यातलं दुसरं गाणं शोधता येत नाही.

आता १९५२. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार आणि सिनेसंगीताबद्दल मनापासून तिटकारा. ऑल इंडिया रेडिओ ही तेव्हा देशातली एकमेव नभोवाणी आणि तीही सरकारी. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांचा वेळ कापला, गाणी चाळणी लावून निवडायला सांगितली, आणि वर आणखी एक नियम केला: गायकाचं नाव सांगा, सिनेमाचं सांगू नका. का, तर सिनेमाचं नाव घेणं म्हणजे फुकट जाहिरात! (पुन्हा मेटाडेटा!) निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याचे परवानेच काढून घेतले. काही महिन्यांतच सरकारी रेडिओवरून हिंदी सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं.

फायरवॉल लावली की लोक काय करतात? बरोब्बर. बायपास शोधतात.

तो बायपास समुद्रापलीकडे तयारच होता. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या सैन्यासाठी कोलंबोजवळ एक शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपक बसवला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला. शॉर्टवेव्हची गंमत अशी की तिच्या लहरी वातावरणाच्या वरच्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर उतरतात. त्यामुळे कोलंबोचं स्टेशन मुंबईतच काय, पार उत्तरेतही लागायचं. आवाज मात्र लाटेसारखा मोठा-बारीक होत यायचा. सिलोनने १९५० मध्ये व्यापारी सेवा सुरू केली होती. त्यांना जाहिराती हव्या होत्या, मुंबईच्या कंपन्यांना श्रोते हवे होते आणि श्रोत्यांना गाणी. सगळ्यांचं जमलं.

३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. निवेदक अमीन सायानी, तेव्हा एकोणीस वर्षांचे. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. तिथून तो हवेतून परत मुंबईत! म्हणजे मुंबईत तयार झालेली गाणी मुंबईच्या माणसाला ऐकायला परदेशातून वळसा घालून यावं लागत होतं. एक किस्सा सांगतात, की दहा घरांची पाहणी केली तर नऊ घरांत सिलोन लागलेलं होतं आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला होता. :-)

गीतमाला सुरुवातीला हिट परेड नव्हती. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची आणि श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमाने लावून पाठवायची, बक्षीस १०० रुपये. सायानी सांगत, की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. इतकी पत्रं उघडायची कोणी? मग १९५४ च्या अखेरीस स्वरूप बदललं आणि लोकप्रियतेनुसार गाणी ‘पायदान’वर चढू-उतरू लागली.

आता लोकप्रियता मोजायची कशी? आधी दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीचे आकडे घेत. पण दुकानात रेकॉर्ड संपली की विक्री थांबते, याचा अर्थ गाणं उतरलं असा होत नाही. म्हणून गावोगावचे श्रोता संघही मोजणीत आले. गल्लीतल्या, कॉलेजातल्या मंडळींनी एकत्र बसून मतं कळवायची. दुसरीकडे फर्माईशीचे कार्यक्रम जोरात होते. तेव्हा बिहारमध्ये (आता झारखंडमध्ये) असलेलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव फक्त पोस्टकार्डांच्या जोरावर देशभर माहीत झालं.

शेवटी सरकारलाही झुकावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, केसकर मंत्री असतानाच. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांपासून. गीतमालाही १९८९ मध्ये सिलोन सोडून विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. सायानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले, तेव्हा माझ्या बाबांनी दिवसभर दुसरा विषय काढला नाही.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते आणि ती साधारण ‘जनतेचा विजय’ अशीच सांगितली जाते. मलाही ती तशीच आवडायची. पण कामाच्या निमित्ताने रेकमेंडेशनच्या भानगडीत पडल्यावर मला त्यात एक भोक दिसायला लागलं.

फर्माईश कशाची करता येते? जे आधी ऐकलंय त्याची. पायदानावर कोण चढतं? ज्याला आधीच मतं मिळालीत तो. गीतमाला लोकांची आवड मोजत होती, पण मोजण्याआधी कुणीतरी ते गाणं पहिल्यांदा ऐकवलेलं असायला हवं. पडद्यावर म्हणा, दुसऱ्या कार्यक्रमात म्हणा, इराण्याच्या हॉटेलात म्हणा. आमच्या धंद्यात याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. नव्या गाण्याकडे आकडेच नसतात, त्यामुळे आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाही.

आणि इथे मला केसकरांच्या रेडिओची दुसरी बाजू दिसते. त्याच १९५२ मध्ये शनिवारी रात्रीचा शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्यांना कधी मैफलीचं तिकीट परवडलं नसतं त्यांच्या घरात मोठमोठे गवई पोचले. आणि पुणे केंद्रावर तर कमालच झाली. १ एप्रिल १९५५, रामनवमी. केंद्रावरच्या सीताकांत लाडांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. दर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६ गाणी. गीतरामायण! या ५६ पैकी एकाही गाण्याची कुणी फर्माईश केली नव्हती. करणार कशी? ती अस्तित्वातच नव्हती. कुठल्याही पायदानाने ती सुचवली नसती. केंद्रावरच्या एका माणसाला वाटलं, हे करून बघू, आणि त्याच्या हातात वेळ होता, स्टुडिओ होता.

म्हणजे एकच मंत्री, एकच खातं. त्याने लोकांना जे हवं होतं ते बंद केलं, हे चूकच. पण त्याच खात्याने लोकांना माहीतही नसलेलं काही दिलं. बंदी गेली याचा आनंद आहेच. फक्त बंदी घालणाऱ्याबरोबर ‘निवडून ऐकवणारा’ही हळूहळू बाजूला झाला, त्याचा हिशोब आपण फारसा मांडत नाही.

पुढचं आपल्या पिढीचं. १९९४ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ‘रिंगो’ नावाची प्रणाली केली गेली. तुम्ही कलाकारांना ईमेलने गुण द्यायचे, ती तुमच्यासारखी आवड असलेली माणसं शोधून त्यांना आवडलेलं तुम्हाला सुचवायची. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या रिचर्ड जोन्सने ‘ऑडिओस्क्रॉबलर’ बनवलं. त्यात गुण द्यायचीही गरज नव्हती, तुम्ही काय ऐकता ते परस्पर नोंदलं जायचं. जुलै २०१५ मध्ये स्पॉटिफायने ‘डिस्कव्हर वीकली’ आणलं, दर सोमवारी तुमच्यासाठी नवी यादी. थोडक्यात काय, तर श्रोता संघच! फक्त आता पोस्टकार्ड न लिहिता आपण नुसतं ऐकून मत देतो, आणि संघातले बाकीचे सभासद कोण हे आपल्याला कळत नाही.

कोल्ड स्टार्टवर उपाय नाहीत असं नाही. गाण्याचा आवाजच तपासून ‘हे त्याच्यासारखं वाटतंय’ असं सांगणारी तंत्रं आहेत आणि ती चांगली चालतात. पण तीही ‘सारखं’च शोधतात. मला काल जे आवडलं त्याच्या शेजारचं. मुंबईतल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या नव्या मराठी बँडचं पहिलंच गाणं असेल आणि ते कशासारखंच नसेल, तर त्याने कुठे जायचं? त्यांचे सीताकांत लाड कोण?

मी अल्गोरिदमच्या विरोधात नाही बरं का, माझं पोट त्याच्यावरच आहे. पण गेले काही महिने मी एक करतोय. आठवड्यातून एक तास माझ्या आवडीनिवडीची काहीच माहिती नसलेल्या माणसाने निवडलेलं ऐकायचं. कधी आकाशवाणीचं शास्त्रीय संगीताचं ‘रागम’, कधी छोट्या हॉलमधला माहीत नसलेल्या बँडचा कार्यक्रम, कधी बाबा लावतील ते. निम्मं आवडत नाही. चालायचंच. गेल्या महिन्यात त्यातून एक सारंगीवादक सापडला, ज्याच्यापर्यंत माझं अ‍ॅप मला दहा वर्षांत घेऊन गेलं नसतं. कारण सारंगी मी कधी मागितलीच नव्हती.