पाण्याला कान लावणारी माणसं

आमच्या घरात पाण्याची गोष्ट निघाली की ती मलिक अंबरापासून सुरू व्हायची. आबा, म्हणजे माझे आजोबा, औरंगाबादच्या जुन्या नगरपालिकेत पाण्याच्या खात्यात होते. नगरपालिका हा शब्द त्यांच्या तोंडी फार उशिरा आला. ते आणि त्यांच्या बरोबरीची माणसं शेवटपर्यंत ‘बल्दिया’च म्हणत. निजामाच्या अमलात १९३६ साली इथं नगरपालिका झाली आणि त्यानंतर लवकरच आबा नोकरीला लागले. नेमकं केव्हा, यावर त्यांचं आणि मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं, कधी एकमत झालं नाही. ती म्हणायची, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बारशानंतर. आबा म्हणायचे, आधी. पगार निजामाच्या हाली शिक्क्यात मिळायचा, एवढं मात्र दोघांनाही पक्कं आठवायचं.

अबिसिनियातला एक पोरगा गुलाम म्हणून विकला जातो, हात बदलत बदलत दख्खनेत येतो आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता वजीर होतो. मलिक अंबराची ही गोष्ट आबांनी आम्हा भावंडांना किती वेळा सांगितली असेल, कोण जाणे. १६१० साली त्यानं खाम नदीकाठच्या खडकी गावात राजधानी मांडली. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हे पुरे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावांचे. ही नावं घेताना आबांचा आवाज चढायचा, जणू ही मंडळी आमच्या गल्लीतच राहायची. पुढं १६१६ मध्ये मोगलांनी खडकी लुटली आणि १६२१ मध्ये जाळली. गाव पुन्हा उभं राहिलं. औरंगजेबाच्या काळात खडकीचं औरंगाबाद झालं, त्याला तटबंदी आली, करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा असे राजपूत सरदारांचे पुरे वाढले, बावन्न दरवाजांचं शहर म्हणून नाव झालं.

आबांचं या सगळ्यावर एक ठाम मत होतं. इतिहासाच्या पुस्तकात ते सापडेल की नाही, सांगता येत नाही. पण मला ते पटतं. ते म्हणायचे, “घरं जळाली गं, पण नहर जमिनीखाली होती. तिला कोन जाळतंय? पाणी चालू होतं म्हणून माणसं परत आली.”

ही नहर म्हणजे नहर-ए-अंबरी. हर्सूलच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि निव्वळ उतारानं शहरात आणायचं. इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात. आपल्या जवळ बऱ्हाणपूरची कुंडी भंडारा त्याच जातीची. वाटेत ठरावीक अंतरावर पोकळ मनोरे बांधलेले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडते, पाण्याचा जोर आटोक्यात राहतो आणि आत उतरून गाळही काढता येतो. पुढं खापरी नळांतून पाणी मोहल्ल्यांतल्या हौदांवर जायचं. आबांच्या सांगण्याप्रमाणे हे काम पंधरा महिन्यांत झालं, खर्च आला अडीच लाख रुपये, आणि असं पाणी येणारच नाही म्हणून दरबारातले बडे लोक हसले होते. हसणाऱ्यांची नावंही ते घ्यायचे, ती काही माझ्या लक्षात राहिली नाहीत. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की बांधली गेली. तिचं पाणी अशाच दुसऱ्या नहरीतून येतं. त्या पाण्यावर जातं फिरायचं, यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. हौदाखाली दालन आहे. वैशाखातल्या उन्हात आबा आम्हाला तिथं नेऊन बसवायचे. डोक्यावर हौद भरलेला, म्हणून दालन गारेगार.

आबांचं खरं हत्यार म्हणजे एक लाकडी दांडा. हाताएवढ्या उंचीचा, वर बोथट, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. रात्री शहर निजलं की ते तो घेऊन निघायचे. दांड्याचं एक टोक नळावर नाहीतर रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. नळ फुटला असेल तर खालून सू सू आवाज येतो. गळती जवळ आली की आवाज बारीक आणि तीक्ष्ण होतो. मी आठ-नऊ वर्षांची असताना हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले होते. आबा तेव्हा निवृत्त झालेले, पण औरंगपुऱ्यात कुठंतरी गळती सापडेना म्हणून त्यांना बोलावणं आलं होतं. त्यांनी दांडा माझ्या कानाला लावला. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. ते म्हणाले, “श्वास धर.” श्वास धरला आणि जमिनीखालून कुणीतरी कुजबुजल्यासारखं ऐकू आलं. आबांनी तिथंच खडूनं फुली मारली. सकाळी खोदलं तर नळ हातभर बाजूलाच फुटलेला होता, असं नंतर अण्णांनी सांगितलं.

त्यांच्या जोडीला बेगमपुऱ्यातले एक उस्ताद असायचे. चुन्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. चुन्यात गूळ, बेलफळाचा चीक, बारीक कातरलेला ताग घालून ते तो घाण्यात मळायचे आणि चिमटीत धरून सांगायचे, झाला की नाही. आबांना त्यांचं एक वाक्य फार आवडायचं : “पानी को रस्ता दो मियाँ, वो आपीच आता.” त्यांच्या घरून ईदला शेवया यायच्या, आमच्याकडून दिवाळीला अनरसे जायचे. तिकडचा मटणाचा नान-खलिया आबांनी खाल्ला की नाही हे मोठ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळूनही तिनं विचारलं नाही. १९४८ सालच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, रझाकारांच्या धास्तीनं आणि नंतर उलट्या धास्तीनं लोक दारं लावून बसले होते. त्या दिवसांतही हे दोघं मिळून नहरीवर जायचे, अशी आमच्या घरातली कथा आहे. आबा स्वतः ती कधी सांगत नसत. मोठी आई सांगायची. दोघं पहाटे चिखलानं भरून यायचे आणि ती त्यांना ओसरीवर बसवून गरम सुशीला वाढायची. भिजवलेले मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट. आमच्याकडं पाहुण्याला आजही हेच.

पन्नासच्या दशकात हर्सूल तलावाचं पाणी नळानं आलं आणि नहरीची निगा हळूहळू मागं पडली. आबांना नळाचं वाईट वाटलं नाही. उलट भिश्त्याची पखाल जाऊन बायकांच्या दारात पाणी आलं, याचा त्यांना आनंद होता. फक्त ते म्हणायचे, नवं आलं म्हणून जुनं बुजवू नका.

अण्णा वेगळ्या वाटेनं शहराच्या कामाला लागले. १९७२ साल. मराठवाड्यात दुष्काळ, सुकडीची वाटप केंद्रं, खडी फोडणारी माणसं. त्याच वर्षी सरकारनं नवं औरंगाबाद वसवायचं काम सिडकोकडं दिलं. अण्णा तिथं सर्व्हेअर म्हणून लागले. साखळी, खुंट्या, थिओडोलाइट आणि डोक्यावर पांढरा रुमाल. शहराच्या पूर्वेला नुसता माळ होता. त्या माळावर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एन-१, एन-२ असे विभाग आखले. शाळेची जागा, बागेची जागा, दुकानांची जागा आधी कागदावर. अण्णांचा आग्रह असायचा की लेकराला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता आलं पाहिजे. पुढं आम्हालाही तिकडं दोन खोल्यांचं घर मिळालं. मोठी आई तिथं पहिल्यांदा आली ती कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघत राहिली. “इतक्या लांब माळावर कोन राहील माय? रातच्याला कोल्हे ओरडतेत.” वर्षभरात तिनं परसात शेवगा लावला, चार शेजारणी जमवल्या आणि गुलमंडीच्या जुन्या घरी परत जायचं नाव काढलं नाही. सणासुदीला तिथली इमरती तेवढी आणायला सांगायची.

अण्णांचा नकाशा पहिल्यांदा बघून आबा काय म्हणाले, ते मला स्वच्छ आठवतं, कारण मी शेजारीच पाटीवर चित्र काढत बसले होते. नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला. रस्त्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “पाणी कुठून येतंय?” अण्णा म्हणाले, जायकवाडीहून येईल. “येईल का येतंय?”

पाणी आलं. जायकवाडी धरणाचं, म्हणजे पैठणच्या नाथसागराचं, लोकार्पण १९७६ साली झालं. आधी सातशे मिलिमीटरची जलवाहिनी आणि मग चौदाशेची. इथं कुणालाही ‘सातशेची’ आणि ‘चौदाशेची’ म्हणा, लगेच कळतं. पण नाथसागर शहरापेक्षा खाली आहे. अंबराचं पाणी उतारानं यायचं, हे पाणी पंपांनी चढवावं लागतं. वीज गेली की पाणी गेलं. तोवर चिकलठाण्याचे कारखाने वाढले होते, १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली, बीड-जालना-परभणीकडची माणसं कामाला येऊन राहिली. ८ डिसेंबर १९८२ रोजी महापालिका झाली, अठरा खेडी शहरात आली. १९८१ साली तीन लाखांच्या आसपास असलेलं शहर २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर गेलं. ‘गॅप’ हा शब्द आमच्या बायकांच्या तोंडी तेव्हापासून बसला. दोन नळांमध्ये किती दिवसांचा गॅप, यावर धुणं, पाहुणे, लग्नाच्या तारखासुद्धा ठरू लागल्या.

मी स्वतः महापालिकेत समूह संघटक म्हणून काम केलं. १९९७ साली सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना आली. वस्त्यांत बचत गट बांधायचे, बायकांना शिलाईपासून खानावळीपर्यंत उद्योगाला लावायचं, वस्तीला काय हवं ते त्यांच्याच तोंडून काढायचं, असं ते काम. आमच्या एका मॅडमनी शिकवलं होतं की वस्तीत गेल्यावर वही उघडू नका, आधी चहा घ्या. खामकाठच्या एका वस्तीत आम्ही बायकांना जमिनीवर रांगोळीनं वस्तीचा नकाशा काढायला सांगितला. पोरींनी घरं काढली, नळाचे ठिपके दिले, अंधाऱ्या कोपऱ्यावर फुली मारली. एक आजी बाजूला पान कुटत बसली होती. ती उठली, रांगोळीची चिमूट घेतली आणि घरांच्या मधून एक वाकडी रेघ ओढली. “भादव्यात पाणी असं येतं,” म्हणाली. आमच्या कार्यालयातल्या नकाशावर ती रेघ नव्हती. गटार मग त्या रेघेवरून नेलं. मला त्या क्षणी आबांची खडूची फुली आठवली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोवर गाड्या येऊ द्यायच्या नाहीत, असं तिथल्या गावकऱ्यांनी ठरवलं. वर्षानुवर्षं सगळ्या शहराची घाण त्यांच्या विहिरींजवळ पडत होती, त्यांचं काय चुकलं? रस्तोरस्ती ढीग लागले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा न्यायला गेल्यावर तिथं दगडफेक, जाळपोळ झाली. आम्ही बचत गटांच्या बायकांना घेऊन दारोदार ओला-सुका समजावत फिरलो. ज्या बाया वर्षानुवर्षं कचरा वेचत होत्या, त्यांना यातलं सगळ्यांत जास्त कळत होतं. कोणतं प्लास्टिक विकलं जातं, कोणतं नाही, हे शिकलेल्यांना त्यांनी शिकवलं. मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं प्रक्रिया केंद्रं उभी राहिली.

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी खाम नदीचं काम सुरू झालं. आस्तिककुमार पांडेय तेव्हा आयुक्त होते. महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक कंपनी, इकोसत्त्व संस्था अशा सगळ्यांनी मिळून नदीतला कचरा काढला, काठ मोकळे केले, झाडं लावली, लोक फिरायला येऊ लागले. जगभरातल्या शहरांसाठी असलेल्या रॉस सेंटर पारितोषिकाच्या २०२३-२४ च्या अंतिम पाचांत हे काम पोचलं. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी. ज्यांच्या दोन पिढ्यांनी खामेला ‘नाला’ म्हटलं, त्यांची नातवंडं आता तिला नदी म्हणतात. काम संपलेलं नाही. सांडपाणी अजून येतं, आणि नदी पुन्हा नाला व्हायला दोन पावसाळ्यांचं दुर्लक्ष पुरतं.

आता अडीच हजार मिलिमीटरच्या नव्या जलवाहिनीचं काम चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. ती पूर्ण व्हावी, आमच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, प्रत्येक घरात रोज पाणी यावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पण शहर चालवायला येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना आणि अभियंत्यांना एक विनंती आहे. रुजू झाल्यावर पहिले काही दिवस जुन्या शहरातून पायी फिरा. सोबत एखादा जुना लाइनमन घ्या. नहरीचे मनोरे कुठं उभे आहेत, ते पाहा आणि रस्ता रुंद करताना ते पाडू नका. वस्ती नव्यानं बांधायची असेल तर आधी तिथल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, भादव्यात पाणी कुठून येतं. आणि वाचकहो, तुमच्या घरात असं कुणी अजून बोलतं असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते आजच लिहून काढा. आबांच्या कितीतरी गोष्टी मी लिहिल्या नाहीत, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही.