डच शब्द कुठे तोडायचा?

डच भाषेत जोडशब्द सलग लिहितात. त्यामुळे ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा, हा खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचा जुनाच पेच. आधी जोड शोधायचा, मग अवयव पाडायचे, हा नियम सुबक खरा. पण जोड दिसला तर! 'क्वार्तस्लाखेन' 'त'नंतर तोडला तर पाव फेरे, 'स'नंतर तोडला तर क्वार्ट्‌झचे थर. 'मासाझेबेट' म्हणजे मालिशचा पलंग, आघात दुसऱ्या अवयवावर. तीच अक्षरे 'मासाखेबेट' अशी वाचून आघात पहिल्यावर आणला, की होते सामूहिक प्रार्थना.

शब्द कुठे तुटतो, हे त्याच्या लेखनावरही ठरते, आणि डच लेखन ठरत आले शब्दसूच्यांतून. भाषातज्ज्ञ दे फ्रीस आणि ते विंकेल यांची शब्दसूची १८६६ची. नेदरलँड्स-बेल्जियमची सामायिक सूची, म्हणजे 'हिरवे पुस्तक', १९५४मध्ये आली.

१९९५च्या लेखनसुधारणेने 'पानेकूक' (पॅनकेक) या शब्दाचे 'पानेनकूक' केले. हा नवा 'न' बहुतेक जण उच्चारत नाहीत, तरी ओळ तोडताना तो पहिल्या भागाकडेच राहतो.