‘टोळी’ म्हणण्याआधी

गटाच्या बैठकीत आपण एकेक रुपया मोजून घेतो. नोंदवहीत आकडा चुकला तर सही करत नाही. पण पेपरातला लेख वाचताना किंवा मोबाईलवरचा मेसेज पुढे पाठवताना त्यातले शब्द आपण मोजत नाही. आज मी अशाच एका शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द आहे ‘टोळी’.

चार माणसं एकत्र आली की त्यांना काही तरी नाव दिलं जातं. सभा भरली, मोर्चा निघाला, जमाव चालून आला, टोळी घुसली. माणसं तीच असू शकतात, पण नाव बदललं की आपलं मन बदलतं. मोर्चा म्हटलं की आपण विचारतो, यांची मागणी काय? टोळी म्हटलं की कोणी काही विचारत नाही. तिला पकडायचं किंवा हाणायचं, एवढंच उरतं.

हे आपल्याच भागात घडलेलं आहे. साल १९४५. तेव्हा आपला जिल्हा ठाण्यातच होता. वारली माणूस जमीनदाराकडे वेठीला राबत होता. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही लग्नगडी म्हणून सावकाराच्या घरी अडकायची. त्या वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरीला किसान सभेची मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पावसाळा सरल्यावर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला.

१० ऑक्टोबरला तलवाड्यात हजारो आदिवासी जमले. ते का जमले, हे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी लिहून ठेवलं आहे. जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर निरोप फिरवला, की गोदूताई सभेला येणार आहेत, त्यांना मारायला गुंड आणलेत, काठ्या घेऊन या. सभा ठरलेलीच नव्हती. पोलिसांना मात्र वेगळंच सांगितलं गेलं, की आदिवासी दंगा करायला जमलेत. म्हणजे दोन्हीकडच्यांना एकच सांगितलं, समोर टोळी आहे. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे, असे पाच आदिवासी ठार झाले. गोदूताईंनी त्या लढ्याची हकिगत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडली. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता दुसरं साल, २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. १ जुलैला, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी तिथे आले. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलला, एवढंच निमित्त झालं. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. पाचही जण गेले. टोळी कुठेच नव्हती. होता तो फक्त शब्द, आणि तो त्यांच्या आधी गावात येऊन बसला होता.

तिसरं साल आपल्याला विसरता येणार नाही. १६ एप्रिल २०२०, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. लॉकडाऊन होता आणि रात्री चोर फिरतात अशी अफवा पसरली होती. मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, अशा तिघांना जमावाने मारलं. पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारलं. त्यातले एक साधू सत्तर वर्षांचे होते. या खुनाला कुठलीही सबब नाही.

पण पुढे काय झालं तेही पाहा. व्हिडिओ बाहेर आला आणि तपास पुरा व्हायच्या आधीच मारणारे कोणत्या धर्माचे, कोणाच्या चिथावणीचे, हे लोक सांगू लागले. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि यात एकही मुसलमान नाही, असं सांगावं लागलं. अफवेने तीन जीव घेतले होते. आता तिच्यावर दुसरी अफवा चढत होती.

असं लिखाण आपल्याला कसं ओढून नेतं? त्याच्या तीन खुणा सांगते.

पहिली खूण, करणारा गायब. “गोळीबार झाला”, “पाच जण मृत्युमुखी पडले.” गोळी आपोआप सुटते का? असं वाक्य दिसलं की विचारा, कोणी केलं?

दुसरी खूण, ‘हे लोक’. गुन्हा दहा जणांचा असतो आणि लेख सगळ्या समाजाचा, सगळ्या परप्रांतीयांचा किंवा सगळ्या आदिवासींचा होतो. विचारा, नेमके कोण आणि किती?

तिसरी खूण, उत्तर पोटात घेऊन आलेला प्रश्न. “यांना कोणाचं अभय आहे?” “आपण किती दिवस गप्प बसायचं?” लिहिणारा काही सिद्ध करत नाही. आपल्याच तोंडून वदवून घेतो.

याचा अर्थ टोळ्या नसतातच असा नाही. मुंबईने त्या भोगल्या आहेत, म्हणूनच १९९९ मध्ये मकोका कायदा आला. पण त्या कायद्यातही संघटित गुन्हेगारी ठरवायला मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. एवढा कडक कायदासुद्धा कागद मागतो. मग आपण एका मेसेजवर विश्वास का ठेवायचा?

बोईसर-तारापूरला एमआयडीसीमुळे रोज नवा माणूस येतो. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणी जव्हार-मोखाड्याचा. अनोळखी म्हणजे चोर, असं धरलं तर अर्धं बोईसर चोर ठरेल. आणि मैत्रिणींनो, उद्या दारूबंदीसाठी आपण वीस बायका रस्त्यावर उतरलो, तर आपल्यालाही कोणी ‘बायकांचा जमाव’ म्हणेल. तेव्हा आपल्याला वाटेलच ना, की कोणीतरी आधी विचारावं, या बायकांचं म्हणणं काय?

पुढच्या बैठकीला पेपरातला एक लेख आणा. एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी या तीन खुणा शोधाव्यात. संशयाचा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, पोलीस पाटलांना दाखवा. वस्तीवर कोणाला घेरलेलं दिसलं तर लगेच ११२ ला फोन करा आणि गटातल्या बायकांना हाक मारा. त्या माणसाचं नाव, गाव विचारा. नाव कळलं की तो टोळीतला राहत नाही, कोणाच्या तरी घरचा होतो.